सुटली, सुटले

फोन ठेवायच्या बेतात असताना दादा म्हणाला, "एक विचारायचं राहिलंच. तू शब्दांचं काम करतेस म्हणून विचारतो. त्या सकाळी फोनवर तू 'सुटले' म्हणालीस. चुकून म्हणालीस का?" ती कार्यालयात आपल्या टेबलाशी उभी होती, एका हातात फोन, दुसऱ्या हातात रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा. आधी तिला प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. "सुटली म्हणाले असेन रे," ती म्हणाली. "नाही," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. पत्ता लिहून घेताना कुणी घरक्रमांक पुन्हा विचारून घ्यावा तसा होता. "ली नाही. ले." मग त्यानेच विषय मिटवला. असू दे, म्हणाला, बुधवारी सकाळच्या गाडीने येतो, वकिलाला सांगून ठेव. आणि फोन ठेवला.

आईला जाऊन अकरा महिने झाले होते. 'सुटली' म्हणजे आई, 'सुटले' म्हणजे ती स्वतः. अकरा महिने हा माणूस एक मात्रा खिशात घालून हिंडत होता आणि तिला पत्ता नव्हता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तिच्या गुडघ्याची चौकशी करायचा, वहिनीच्या तक्रारी सांगायचा, त्यावर स्वतःच हसायचा. घर तिच्या एकटीच्या नावावर करायचं हेही त्यानेच काढलं होतं. तू तिथे राहिलीस, तू केलंस, घर तुझंच, असं म्हणाला होता, आणि ते बोलताना त्याच्या आवाजात उपकाराचा लवलेश नव्हता. वकिलाने मसुदा केला. वर मोठ्या अक्षरांत 'रिलीज डीड' आणि खाली 'हक्कसोडपत्र'. भाषा बघायला तो मसुदा तिच्याकडेच आला, कारण घरात शब्दांचं माणूस म्हणजे ती. तिने शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि मसुदा परत पाठवला. वेलांट्या आणि मात्रा तपासणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं.

तीन आठवड्यांपासून तिच्या टेबलावर योगायोगाने तोच शब्द होता, रिलीज. कार्यालय इंग्रजी-मराठी मोठा कोश करत होतं आणि डीपासून आर या अक्षरापर्यंत यायला एकोणीस वर्षं लागली होती. ती नोकरीला लागली तेव्हा डी चालू होतं, आणि तिला काम शिकवणारे दोघेजण डी पुरं व्हायच्या आत निवृत्त झाले. एका शब्दाचा एक गठ्ठा, एका अर्थाचं एक कार्ड. रिलीजची एकतीस झाली होती. कैद्याची सुटका. धरणाच्या पाण्याचा विसर्ग. सिनेमाचं प्रदर्शन, पुस्तकाचं प्रकाशन, वर्तमानपत्रांना दिलेलं निवेदन. कॅमेऱ्याचा खटका. हँडब्रेक खाली करणं. ताणलेली दोरी ढिली सोडणं. नोकरीतून मोकळं करणं. हक्क सोडणं. दुखण्यातून मुक्ती; या कार्डावर तिने पेन्सिलीने 'मृत्यू?' असं बारीक लिहून ठेवलं होतं. शेवटच्या कार्डावर 'सुटणे' होतं आणि त्यावर मुख्य संपादकांनी लाल फुली मारली होती. मुख्य संपादकांना कार्यालयात सगळे पूर्णविराम म्हणत, कारण ते बोलले की पुढे कुणी बोलत नसे. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं होतं, की बाई, या इंग्रजी शब्दाला कुणीतरी सोडणारा लागतो. तुरुंगाधिकारी सोडतो, धरणाचा अभियंता सोडतो. आपलं 'सुटणे' बिनमालकाचं आहे. शाळा सुटते, वारा सुटतो, घाम सुटतो, त्याला कर्ता कोण? "माझं हे पोट सुटलंय ते काय कुणी सोडलं?" असं म्हणून ते आपल्या पोटाकडे बघत हसले होते, आणि तीही हसली होती. तेव्हा दादाचा हा फोन आलेला नव्हता.

दुपारभर तिने कार्डं नुसती वरखाली केली. त्या सकाळचं तिला काय आठवत होतं? सव्वासहा वाजले होते. खिडकीत उजेड करडा होता. आईचा श्वास पहाटेपासून लांबलांब पडत होता. प्रत्येक श्वासानंतर ती पुढच्याची वाट बघायची, आणि एका श्वासानंतर बघतच राहिली. मग तिने घड्याळ पाहिलं. साडेसहाला आईला सांभाळणारी बाई आली, चपला काढून थेट पलंगाशी गेली, आईच्या नाकापाशी दोन बोटं धरली आणि बाथरूममध्ये पाणी काढायला गेली. त्यानंतर हिने दादाला फोन लावला. तो झोपेतल्या आवाजात "हं, बोल" म्हणाला आणि हिने एक शब्द उच्चारला. तो म्हणाला, किती वाजता? ती म्हणाली, सव्वासहा. एवढंच. पण सव्वासहा आणि साडेसहा यांच्यामध्ये पंधरा मिनिटं होती आणि त्यांच्याबद्दल तिने कधी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. त्या पंधरा मिनिटांत तिने चहा केला होता. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, उभ्याने, तो गरम असतानाच प्याली होती. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. झटका आल्यापासून आईची वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं, आणि काही हवं असलं की ती डाव्या हाताने पलंगाची दांडी वाजवायची. टक टक. दर चहाला टक टक. त्या सकाळी कपाच्या तळाशी गाळ दिसेपर्यंत दांडी वाजली नाही, आणि वाजणार नाही याची तिला खात्री होती. त्या खात्रीला चव होती. ती चव तिला आत्ता, टेबलाशी बसल्या बसल्या, जिभेवर जशीच्या तशी आली.

पुढचे तीन दिवस तिच्या डोक्याला दुसरा उद्योग राहिला नाही. कार्यालयाच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभं राहून तिने दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले. सुटली म्हणताना ओठ ताणावे लागतात. सुटले आपसूक येतं. दमलेल्या तोंडाला तेच सोपं. म्हणजे थकव्याने ईचा ए झाला असेल. दादाला हे सांगता येईल, तळटीप द्यावी तसं. मग दार ढकलून टंकलेखिका आत आली आणि ही तोंडावर पाणी मारू लागली. तिला स्वतःची लाज वाटली. आईच्या मरणाचं खापर ती स्वरांवर फोडू बघत होती. शिवाय फोनची लाइन खरखरत होती का, दादा झोपेत होता का, असे वकिली मुद्दे सुचत राहिले, आणि प्रत्येक मुद्द्यानंतर आतून कुणीतरी शांतपणे म्हणायचं, पण चहा तर प्यालीस ना. घरी आल्यावर ती कुलूप उघडायची आणि उंबऱ्याशी थबकायची. अकरा महिने हे घर तिला मोकळं वाटत होतं. आता ते रिकामं वाटू लागलं, आणि या दोन शब्दांमध्ये काय फरक असतो हे कुणी विचारलं असतं तर तिला कार्ड लिहिता आलं नसतं.

सोमवारी संध्याकाळी ती सांभाळणाऱ्या बाईकडे गेली. त्या सकाळी घरात दुसरं जिवंत माणूस तेवढंच होतं. बाई आता दोन रस्ते सोडून एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जात होती. दार तिनेच उघडलं. गृहस्थ खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, दोन्ही गालांवर साबणाचा फेस. बाई त्यांची दाढी करत होती. बसा ताई, यांचं एवढं आटोपते, म्हणाली. हिने थांबायचं ठरवलं होतं, पण थांबवेना. फेसाच्या वरून दोन डोळे बघत असताना तिने विचारून टाकलं, की त्या दिवशी मी दादाला फोनवर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं होतं का. बाईने वस्तरा फडक्याला पुसला. थोडा वेळ खरोखर आठवत राहिली.

"मी आत होते. तुम्ही 'सुट' म्हणालात तिथवर ऐकलं," ती म्हणाली. "मग मी नळ सोडला."

हिला हसू यायला हवं होतं. बाईच पुढे बोलत राहिली. म्हणाली, ताई, काम संपलेल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी असं शोधत येतं. त्या दिवशी गोळी मीच दिली होती ना, मी जवळ होतो ना, मी ओरडले होते का. मला आठवत असलं तरी मी नाही आठवत म्हणून सांगते, मोकळी होते. पण तुमचं खरंच पुढचं ऐकलं नाही. मग गृहस्थांची हनुवटी दोन बोटांनी वर करून ती गळ्याकडच्या दाढीकडे वळली, आणि ते बिचारे हलले तर कापेल म्हणून श्वास धरून बसले.

जिन्यात तिला कठड्याला धरून थांबावं लागलं. सुट. बाईने ऐकलं ते अर्धं नव्हतं, पुरं होतं, फक्त दिवस चुकला होता. आई गेली त्याच्या दोन महिने आधीची रविवारची दुपार. बाईची सुट्टी होती. सकाळपासून तिसरी चादर बदलून झाली होती, हात साबणाने उलले होते, आणि ती मिक्सरमधून पातळ केलेलं जेवण चमच्याने भरवत होती. आईने एक घास बाहेर टाकला, दुसरा टाकला, तिसरा हिच्या मनगटावर ओघळला. तेव्हा ती म्हणाली होती, "सुट गं आता. सुट एकदाची." ओरडून नाही. वाटी पुढे कर म्हणावं इतक्या साध्या आवाजात. आईने तिच्याकडे पाहिलं होतं. आईला ऐकू व्यवस्थित येत होतं. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, की वाचा गेली आहे, समज गेलेली नाही, समोर जपून बोला. तिने वाटी उचलून नेली, धुतली, पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरवायला बसली तर चमचा जवळ यायच्या आधीच आईने तोंड उघडलं. प्रत्येक घासाला. शेवटपर्यंत, दोन महिने, वर्गात शहाणं म्हणवून घेणाऱ्या मुलीसारखी ती आधीच तोंड उघडून बसायची. ते पाहून बाई खूश झाली होती, आजी सुधारल्या म्हणाली होती. आणि ती, जिला एकोणीस वर्षं शब्दांचे अर्थ लावायचा पगार मिळत होता, तिने या उघडलेल्या तोंडाचा अर्थ लावायचं टाळलं होतं. ली आणि ले यांच्यात तिने तीन दिवस घालवले होते. खरा शब्द त्याच्या आधीच संपत होता. त्याला ना वेलांटी होती ना मात्रा.

बुधवारी दादा आला तो थेट नोंदणी कार्यालयात. सत्तावन्नाव्या वर्षी तो वडिलांसारखा दिसायला लागला होता, मागून तर हुबेहूब. वकील होता, बाकावर गर्दी होती, दादा वकिलाशी गाड्यांच्या वेळांबद्दल बोलत होता. त्या प्रश्नाचं त्याने नाव काढलं नाही. आत बोलावल्यावर कारकुनाने त्याच्याकडे न बघता विचारलं, की आपला हिस्सा आपण राजीखुशीने सोडताय ना, कुणाचा दबाव? दादा म्हणाला, नाही. कारकुनाने त्याचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला, कागदावर दाबला. तिनेही सह्या केल्या. पाच मिनिटांत घर तिचं झालं. बाहेर आल्यावर वकील निघून गेला आणि दादा म्हणाला, गाडी सहाची आहे, घरी जाऊ.

घरी त्याने आधी हात धुतले, शाई गेली नाही, परत धुतले. ती जेवणाची ताटं मांडत होती. पाठमोऱ्या दादाला ती म्हणाली, "मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. पण झालं होतं मला 'सुटले' असंच. तुला फोन करायच्या आधी मी चहा करून प्याले." नळ चालूच होता. तिने तो पुढे होऊन बंद केला आणि मग त्या रविवारचंही सांगितलं, काही न गाळता. सुट म्हणाले ते, आणि दुसऱ्या दिवशीपासून आई तोंड उघडून बसायची ते. सांगताना आवाज कापला नाही याचंच तिला भय वाटलं. दादा खुर्चीत बसून अंगठ्याच्या शाईवर नख घासत होता.

"तिला ऐकू येतं हे तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

ताटातलं निवत गेलं. मग तो म्हणाला, मी रविवारी फोन करायचो, तू तो तिच्या कानाला लावायचीस, मी तिच्याशी काय बोलायचो माहिती आहे का तुला? तिला माहीत नव्हतं. ती फोन धरून दुसरीकडे बघत असायची, मायलेकांचं खासगी बोलणं म्हणून. तो म्हणाला, हवामान सांगायचो. इथे आज तापमान इतकं, उद्या ढगाळ राहील म्हणतात. चौदा महिने. दुसरं काही सुचायचंच नाही. "तुला दोष द्यायला नव्हतं विचारलं, शहाणे," तो म्हणाला. शहाणे हे त्याचं तिला लहानपणापासूनचं नाव होतं. "तू सुटले म्हणालीस, आणि मी फोन ठेवून दाढी केली. मला काहीच झालं नाही. वाटलं, होईल. गाडीत होईल, तिथे पोचल्यावर होईल. अकरा महिने झाले. जो बांधलेलाच नव्हता तो सुटणार कुठून?"

तिला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. राग आला, कानशिलं तापण्याइतका. चौदा महिन्यांत दोनदा आलेला हा माणूस आता तिच्यापाशी तिच्या ओझ्याचाच हेवा करत होता. "मग यायचं होतंस," ती म्हणाली. "हो," तो म्हणाला. त्यावर त्याने कसलंही कारण दिलं नाही. नोकरी नाही, वहिनी नाही, अंतर नाही. ती कारणांची वाट बघत होती, प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ती सगळी उत्तरं तशीच तिच्या हातात राहिली.

दोघं जेवले. मग तो उठून आईच्या खोलीत गेला. दांडीचा पलंग भाड्याचा होता, तो केव्हाच परत गेला होता. आता तिथे साधी खाट होती आणि खाटेवर तिचे इस्त्रीचे कपडे. कोपऱ्यात हातांची खुर्ची तेवढी जुनी. तो मध्येच उभा राहिला, सामान कुठे ठेवावं ते न कळलेल्या पाहुण्यासारखा. "तिला खुर्चीत कशी बसवायचीस?" त्याने विचारलं. ती सांगू लागली, की आधी कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग हात... आणि मध्येच तिला कळलं की हे सांगून कळणारं नाही. तिने कपडे उचलून खिडकीत ठेवले आणि खाटेवर आडवी झाली. "मान धरू नकोस," ती म्हणाली. "खांद्याखाली हात घाल. दुसरा गुडघ्यांखाली. आधी बसती कर."

तो वाकला. त्याला धाप लागलेली जवळून ऐकू येत होती. त्याने तिला बसती केली, पाय खाली घेतले, पाठीमागून हात बांधले, आणि उचलायला गेला तर ती त्याच्या हातांतून घसरली आणि खाटेची कड तिच्या कमरेला लागली. "कंबर वाकवू नकोस, गुडघे वाकव," ती म्हणाली. "तुझे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकव. आता वळ." दुसऱ्या खेपेला जमलं. त्याने तिला वळवून खुर्चीत ठेवलं आणि धरूनच राहिला, सोडली तर पडेल म्हणून. "झालं?" त्याने विचारलं. "पाठीला उशी. उजवा हात लोंबतो, तो मांडीवर आणून ठेवायचा." त्याने उशी आणली. तिचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि मांडीवर ठेवला, बोटं एकेक सरळ केली.

"मग?"

"मग अर्धा तास बसवायचं. मग परत पलंगावर."

"दिवसातून किती वेळा?"

"पाच वेळा."

त्याने बाहीने कपाळ पुसलं. बाहेर दुपार होती, गाडीला अजून तीन तास होते. तो परत तिच्यासमोर वाकला, तिच्या काखांखालून हात घातले, गुडघे गुडघ्यांना टेकवले आणि थांबला.

"अंग सोड," तो म्हणाला.

"सोडलंय."

"नाही सोडलेलंस. मला कळतंय ना. सोड."

तिची मान ताठ होती. ती स्वतःच स्वतःला अर्धी उचलत होती, आणि हे तिला आत्तापर्यंत जाणवलंच नव्हतं. तिने डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं, मग खांदे, मग पाठ, मग उरलेलं सगळं. दादाचे पाय क्षणभर लटपटले. मग त्याने तिला उचललं.